चौथ्या बहिणीची रेघ

३ जानेवारी १९९५

आजही नाही. प्रोग्राम कंपाइल होतो, एकही चूक दाखवत नाही, पण चालवला की डेटाबेस उघडण्याच्या ओळीवर येऊन पडदा गोठतो. मशीन बंद, पुन्हा सुरू, पुन्हा तेच. सकाळपासून चौदा वेळा. सी भाषा शिकायला घेतली त्याला पाच महिने झाले. बी.एस्सी.ला संख्याशास्त्रात वर्गात पहिली आले होते, त्याला तेहतीस वर्षं झाली. त्याचा इथे काडीचा उपयोग नाही.

डॉ. दाराशी चपला काढून आत आले.
"बाई, उघडला?"
"नाही."
"बरं."
त्यांनी रागवावं. हे "बरं" सहन होत नाही.

५ जानेवारी

कशासाठी चाललंय हे स्वतःलाच पुन्हा सांगायला हवं, नाहीतर उद्या मशीनसमोर बसणार नाही.

नोव्हेंबरात बबन गेला. जामखेडकडचा, सव्वीस वर्षांचा. गावात कुणीतरी दाढ उपटली, रक्त थांबेना, आमच्या नगरच्या दवाखान्यात आणला तेव्हा चौथा दिवस होता. त्याचा मामाही असाच गेला होता. हिमोफिलिया, रक्त न गोठण्याचा आजार, पुरुषांना होतो, जातो बायकांकडून. बाईला स्वतःला फारसं काही होत नाही, ती फक्त पुढे देते. म्हणजे बबनच्या आईकडून वर आजीपर्यंत जायचं, मग आजीच्या सगळ्या मुलींवरून खाली यायचं, त्यांच्या मुली, त्यांच्या मुली. पुढचा बबन दाढ उपटायच्या आधी सापडला पाहिजे.

परिचारिका गावोगावच्या घराण्यांची नोंद ठेवतात त्या रजिस्टरात हे करायला मला एका घराण्याला आठवडा लागतो. जुन्या संगणकी तक्त्यांत तर जमतच नव्हतं. म्हणून हा नवा डेटाबेस. यात माणूस म्हणजे ठिपका आणि नातं म्हणजे रेघ, एका ठिपक्यावरून रेघ धरून दुसऱ्यावर जायचं. डॉ. म्हणतात, पाच मिनिटांचं काम. पण आधी माझा प्रोग्राम त्याला जोडला गेला पाहिजे.

९ जानेवारी

एसटीडी बूथवरून पुण्याला निसळांना फोन केला. डेटाबेस यांनीच बसवून दिला. तरुण माणूस, प्रत्येक वाक्याआधी हसतो.
"बाई, मेमरी मॉडेल कुठलं लावलंय? स्मॉल?"
"मॅन्युअलमध्ये दिलंय ते."
"मॅन्युअल कुणी वाचतं होय? लायब्ररी लार्जची आहे. तुम्ही लहान दारातून कपाट आत घ्यायला बघताय."
सबंध तीन आठवडे मी कपाट ढकलत होते आणि याला ते एका वाक्यात सांगता आलं असतं. आधी का नाही सांगितलं, विचारलं. म्हणाला, "तुम्ही विचारलं नाहीत."

१० जानेवारी

मॉडेल बदललं. ११.२० ला उघडला. पडद्यावर एक शून्य आलं. शून्य म्हणजे सगळं ठीक. सुनीताला बोलावून दाखवलं. सुनीता माझी नोंदी भरणारी, बावीस वर्षांची, बारावी, टायपिंग पक्कं. पोटुशी आहे, पाचवा महिना सरत आलाय. ती म्हणाली, "एवढ्याशा शून्यासाठी बाई तुम्ही तीन आठवडे जेवला नाहीत."

११.४० ला लाइट गेली. तासाभराने आली. प्रोग्राम चालवला तर म्हणतो, डेटाबेस दुसरं कुणीतरी वापरत आहे. खोलीत मी एकटी.

११ जानेवारी

लाइट गेल्यामुळे आधीचा प्रोग्राम दार न लावताच मेला, डेटाबेसला अजून तो आतच बसलाय असं वाटतं. कुलपाची एक फाइल असते, ती पुसली की सुटतं. तीही निसळांना विचारावी लागली. आता रोज सकाळी आधी तेच.

१९ जानेवारी

बबनच्या घराण्यावर चालवला. बबन. आई सोजर. तिची आई ठकूबाई, वारली. ठकूबाईच्या चार मुली. सोजर, हौसा, पारू यांच्या रेघा मुलांपर्यंत आल्या, बबनला आणलं तेव्हा सोजरने सांगितल्या होत्या तेवढ्या. चौथी चंद्रभागा. तिथे नुसता ठिपका. खाली काही नाही.

तिला मूलबाळ नसेल असं लिहून मोकळी होणार होते. मग वाटलं, सगळ्या डेटाबेसात आईची रेघ नसलेल्या बायका किती, ते विचारून बघावं.

यादी पडद्यावरून वर सरकत राहिली. थांबेचना. सुनीता मागे उभी होती. "बाई, ह्या तर सगळ्या लग्न झालेल्या बायका."

२० जानेवारी

कारण मला कालच कळलं होतं. आज लिहिते.

लग्नात इकडे मुलीचं नाव बदलतात. आडनाव तर जातंच, पहिलं नावही. तांदळात नवं नाव लिहितात, त्या दिवसापासून चंद्रभागा अशी कुणी हाक मारली तरी वळून बघत नाही. आमच्या ख्रिस्ती घरांत ही पद्धत नाही, आणि मी लग्नच केलं नाही. चोपन्न वर्षं माझं नाव एकच आहे. पद्धत मला माहीत नव्हती असं नाही. मला ती गबाळी वाटायची.

तीन वर्षांपूर्वी परिचारिकांची रजिस्टरं माझ्या हाती आली. प्रत्येक बाईपुढे दोन-दोन नावं, कंसात माहेरचं, खोडाखोड. मी हुकूम काढला. एका माणसाला एक नाव, सध्याचं, बाकी गाळा. सगळी रजिस्टरं स्वच्छ उतरवून घेतली. जुनी रद्दीत दिली.

दिसायला फार सुंदर झाली होती रजिस्टरं.

म्हणजे आमच्या डेटाबेसात जवळजवळ प्रत्येक बाई दोनदा आहे. एकदा माहेरी मुलगी म्हणून, एकदा सासरी सून म्हणून. मध्ये रेघ नाही. आणि आजार बरोबर त्याच रेघेने जातो.

२३ जानेवारी

डॉ.ना सांगितलं. त्यांनी पेनला झाकण लावलं. "पुन्हा विचारून भरू," म्हणाले. हिशेब केला, परिचारिका आहेत तेवढ्याच राहिल्या तर चार वर्षं.

शांताबाई सगळ्यांत जुनी परिचारिका. व्हरांड्यात गाठून म्हणाली, "मी तेव्हाच बोलले होते. तुम्ही म्हणालात, दोन नावं चोराला असतात."
"म्हणाले होते."
"आठवतंय म्हणजे. बरं झालं."

२ फेब्रुवारी

सोजर, हौसा, पारूच्या लेकींचे सासरकडचे जोड हाताने घातले. रोज थोडे. कनेक्शन आता एका झटक्यात होतं. काय उपयोग. दार उघडतं, आत कुणी नाही.

सुनीताला चौथ्या बहिणीचं सांगत होते. आई गेली तेव्हा चंद्रभागा आठ-नऊ वर्षांची, मामाने नेली, लग्नही त्यानेच लावलं, एवढंच कागदावर आहे. ती टाइप करता करता म्हणाली, "माझ्या आईलापण मामानंच दिलेलं. आईबाप नव्हते तिला." मी म्हटलं, अशा पुष्कळ असतात. खरंच असतात.

६ फेब्रुवारी

सुनीताच्या दंडावर निळा डाग. विचारलं. "कळशी लागली." डाग तळहाताएवढा. आणि मग आपणहून म्हणाली, मला लहानपणापासून असंच होतं, दहावीला दात काढला तर दोन दिवस कापूस धरून बसले होते.

मी "हं" म्हटलं आणि मॅन्युअल उघडलं. पान वाचलं नाही.

७ फेब्रुवारी

डॉ.ना सांगितलं. म्हणाले, देणाऱ्या बाईला कधी कधी अशी थोडी खूण असते. नसतेही. एखादीच्या अंगावर उगीचही डाग पडतात. सुनीताला सख्खा भाऊ नाही, आई ती दोन वर्षांची असताना गेली. म्हणजे घराण्यात बघायला पुरुषच नाही.
"खात्री कशी करायची?"
"तिची आई चंद्रभागा होती का, हे कळलं तर."
ते मला कळलं असतं. कंसात लिहिलेलं होतं कदाचित.

पहिलं बाळंतपण, माहेरी जाणार. माहेर म्हणजे नेवाशाकडची वस्ती, तिथे चुलती आणि सुईण. मुलगा झाला आणि तसा असला, तर नाळ कापल्यापासून धोका. इथे नगरला झालं तर रक्त गोठवणारा प्लाझ्मा तयार ठेवता येईल. सातव्या महिन्यात डोहाळजेवण करून नेतील. मार्चच्या मध्याला. तोवर मला काहीतरी कळलं पाहिजे.

१३ फेब्रुवारी

सुनीताकडे आईचा एकच फोटो. "पाहू दे," म्हटलं, कारण सांगितलं नाही. तिने पर्समधून काढून दिला. दोन दिवसांनी परत देते म्हटलं.

१४ फेब्रुवारी

सहाची जामखेड एसटी. तिथून पुढे जीप. सोजरबाई अंगणात ज्वारी पाखडत होती. बबन गेल्यापासून पहिल्यांदाच भेटत होते. मला बघून उठली नाही.

फोटो दिला. उन्हात धरून पुष्कळ वेळ बघितला.
"व्हय-न्हाई कसं सांगू बाई? म्या तिला बघितली तवा ती एवढुशी हुती. अशा हनवटीच्या आमच्यात लई बाया."
"लग्नाला गेला असाल."
"मामाचं नि आमच्या बापाचं वाकडं. बोलावलंच न्हाई. मामा गवंडी. काम तिथं मुक्काम. आज हितं, उद्या तिथं. मंग निरोप आला, चंद्री मेली."
"कुठून आला?"
"माणसाच्या तोंडून आला. त्या माणसाला काय म्या गाव इचारू?"

निघताना म्हणाली, "घावली तिची पोरगी, तर काय सांगणार तिला? माज्या बबनचं सांगणार?"

परतीच्या गाडीत उभी होते, नगरपर्यंत.

१६ फेब्रुवारी

फोटो परत केला. "कशाला हवा होता बाई?" "नंतर सांगते." आयुष्यात हे वाक्य मी कुणाला बोलू दिलेलं नाही.

२६ फेब्रुवारी, रविवार

चर्चला गेले. उपदेश ऐकला नाही. वंशावळीचा अध्याय मनात चालू. अमक्याला तमका झाला, तमक्याला ढमका. सगळे बाप. मधल्या बायका कुठे लिहिलेल्या असतात.

३ मार्च

सुनीताचे चुलते डोहाळजेवणाचं ठरवायला आले, दवाखान्यातही डोकावले. भला माणूस. टोपी हातात घेऊन बसले. त्यांना चहा पाजून सुनीताच्या आईचं विचारलं.
"वहिनी व्हय? आमी तिला कमल म्हनायचो. लग्नात दादानं ठेवल्यालं नाव."
"त्याआधीचं?"
"आधीचं कोन ध्यानात ठेवतं? घरात आली तवा कमलच हुती."
"मामा कुठले होते?"
"गवंडी का सुतार, तसलाच कायतरी हुता. बंधाऱ्याच्या कामावर भेट झाली दादाची नि त्याची. पुढं गेला कुठं निघून." मग हसून म्हणाले, "बाई, पोरीची सोयरीक करून पाच वर्सं झाली. आता चौकशी?"

गवंडी का सुतार. पाऊण उत्तर. पाऊण उत्तर काहीच नसण्यापेक्षा वाईट.

७ मार्च

खरं लिहायचं तर सगळंच लिहावं. आज संध्याकाळी सगळे गेल्यावर मी सुनीताच्या नावाचा एक ठिपका केला आणि चंद्रभागेच्या ठिपक्यावरून त्याकडे रेघ जोडून पाहिली. नुसतं बघायला. प्रोग्राम नीट खाली उतरतो का, तेवढंच. उतरला. बबन, सोजर, ठकूबाई, चंद्रभागा, सुनीता. सात महिन्यांत पहिल्यांदा माझा प्रोग्राम मला हवा तसा शेवटपर्यंत चालला.

काढून टाकायचा कमांड दिला आणि लाइट गेली. अंधारात मशीनवर कापड घालून घरी आले.

८ मार्च

उशीर झाला. माझी चूक. टपाल घेऊन बसले होते, खोलीत गेले तर सुनीता माझ्या मशीनसमोर. सकाळी कुलपाची फाइल पुसून प्रोग्राम एकदा चालवून बघायचं, हे मीच तिला शिकवलेलं. तिने तसंच केलं होतं.

कालचा पुसायचा कमांड पोचलाच नव्हता. रेघ तिथेच होती.

ती पडद्याकडेच बघत होती. "बाई, हे माझंच नाव ना?"
"हो."
"म्हणजे बबनच्या घरातली मी?"
"तसं नक्की नाही. मी जोडून पाहिलं होतं."
"फोटो त्यासाठी नेलात."
"हो."
"मग मला विचारायचं ना."

ती रडली असती तर मला काहीतरी सुचलं असतं. तिने खुर्ची मागे सरकवली, दाराशी चपला घातल्या आणि घरी गेली. साडेदहा वाजले होते.

९ मार्च

आली नाही.

१० मार्च

डॉ. तिच्या घरी जाऊन सगळं समजावून आले. सासूबाई उंबऱ्यात उभ्या राहून म्हणाल्या, आमच्या घरात असलं काही नाही, तुमच्या मशीननं आणलं. रक्त द्यायला मात्र सुनीता स्वतः तयार झाली. पुण्याला पाठवलं.

डॉ. माझ्यावर अजूनही रागावत नाहीत.

२२ मार्च

पुण्याचं उत्तर. रक्त गोठवणारा घटक ठीक आहे. पण गरोदरपणात तो वाढतोच, त्यामुळे ती देणारी नाही असं यावरून म्हणता येणार नाही. एवढं टाइप केलेलं आणि खाली सही.

म्हणजे दोन आठवडे थांबून आम्ही जिथे होतो तिथेच आहोत.

२४ मार्च

सुनीताकडे गेले. पायरीवर बसूनच बोललो. नगरलाच थांब, म्हटलं. नवव्या महिन्यापासून दवाखान्यात खोली देते.
"सासूबाई म्हणतात, इथे थांबले तर सगळ्यांना वाटेल खरंच आहे."
"लोकांना काय वाटायचं ते वाटू दे."
"तुम्हाला सोपं आहे बाई. तुमच्यामागे कुणी नाही."
खरं आहे ते. रागावून बोलली नाही, म्हणून जास्त खरं.
"तुला काय वाटतं?"
"मला वाटतं माझी आई कमल होती. बस. मला दुसरी आई नको. जिच्या घरात मुलं मरतात, ती नको."

डॉ.नी लिहिलेली चिठ्ठी दिली. झालेल्या मुलाला मांडीत, दंडात सुई द्यायची नाही, नाळेतून रक्त येत राहिलं तर वाट न बघता जीप करून आणायचं. तिने घडी करून ब्लाऊजमध्ये ठेवली. फेकली नाही एवढंच.

२७ मार्च

चुलते येऊन घेऊन गेले.

१६ एप्रिल, रविवार. ईस्टर.

भाऊ श्रीरामपूरहून आला होता. आनंदाने जेवला, गप्पा मारल्या. वहिनी म्हणाली, "ताई, तुम्ही कशातच नाही." नव्हतेच.

सुनीताच्या जागी कुणाला घेतलेलं नाही. नोंदी मी भरते. शांताबाई रोज पाच-सहा बायकांची माहेरची नावं विचारून आणते, मुकाट्याने टेबलावर ठेवते. काल चिठ्ठीवर एका म्हातारीपुढे लिहिलं होतं, "माहेरचं नाव आठवत नाही म्हणते. तिला स्वतःला."

२९ एप्रिल

निसळांचा आपणहून फोन आला. नवी आवृत्ती निघाली आहे, लाइट गेली तरी अर्धवट काम आपोआप मागे घेते. "आता तुमच्या रेघा अर्ध्यात अडकणार नाहीत बाई." मी म्हटलं, पाठवा. दुसरं काय म्हणणार.

११ मे

सुनीता बाळंत झाली. निरोप नेवाशाच्या कंडक्टरबरोबर आला. मंगळवारी, वस्तीवरच. मुलगी. सुनीताचं रक्त फार गेलं, जीप बोलवायला माणूस धावला, जीप येईपर्यंत थांबलं. दोघी बऱ्या आहेत.

डॉ. खुर्चीत मागे टेकून म्हणाले, "सुटलो." दवाखान्यात पेढे वाटले, शांताबाईने मलाही हातावर दिला. मुलीचे पेढे इथे पहिल्यांदाच कुणी वाटले असतील.

मुलगी म्हणजे या वेळी कुणी मरणार नाही. एवढंच. सुनीता चंद्रभागेची असेल तर आता ती रेघ मुलीकडे गेलेली असेल, किंवा नसेल, आणि वीस-बावीस वर्षं कळणार नाही. ही मुलगी तांदळात दुसरं नाव घेऊन कुठेतरी जाईल. तेव्हा मी नसेन.

आणि रक्त फार गेलं. का गेलं? बाळंतपणात जातं. डॉ.ही तसंच म्हणतात.

१८ मे

सुनीताचं कार्ड. अक्षर टाइपासारखंच सरळ.

"बाईंना सा.न. मुलगी माझ्यासारखी आहे म्हणतात. दंडावर सुई देऊ दिली नाही. चुलती हसली. बारसं अजून व्हायचं आहे. ती मशीनमधली रेघ तुम्ही काढली असेल तर तसं कळवा. काढली नसेल तर मी येईपर्यंत काढू नका आणि हिला पण घालू नका. मी येऊन बघते. आल्यावर ठरवू. काकांना गवंड्याचं पुन्हा विचारलं, त्यांना आठवत नाही. तब्येत सांभाळा. सुनीता."

रेघ मी काढलेली नाही. ८ मार्चपासून रोज काढायची म्हणून बसते. काढली तर मी पुन्हा एका बाईचं माहेर खोडलं. ठेवली तर माझा अंदाज उद्या कुणीतरी खरं म्हणून वाचेल.

१९ मे

जन्माची नोंद आठवड्याच्या आत झाली पाहिजे, हा नियमही माझाच. आज दहावा दिवस. शांताबाईने महिन्याच्या जन्मांची यादी टेबलावर ठेवली, सुनीताच्या मुलीपुढे नावाची जागा कोरी. माझ्याकडे बघत उभी राहिली.
"ही राहू दे," म्हटलं.
"राहू दे म्हणजे किती दिवस?"
"ती येईल तोवर."
शांताबाई आपल्या कामाला गेली. बाकीच्या नोंदी मी भरल्या. प्रोग्राम नीट बंद केला, शून्य आलेलं बघितलं, मगच उठले.